किल्ली कुणाच्या हाती?

आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात माझ्या हातावर तिळगूळ पडायच्या आधी कुणाचा तरी फोन पडतो. "काका, जरा बघता का हो? हे उघडतच नाहीये." दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप गाडीत असतो, तिसऱ्याला बँकेचे पान आत घेत नाही, चौथीला पुण्याच्या सासूबाईंची मेल सुरू करून हवी असते. नाटकाचा दुसरा अंक सुरू होईपर्यंत मी कोपऱ्यात चष्मा कपाळावर चढवून बसलेला असतो. खोटे कशाला सांगू, मला ते आवडत असे. परमुलखात आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही भावना सुखाची असते.

या मदतीच्या सोयीसाठी मी एक निळी वही ठेवली होती. तीत अकरा कुटुंबांचे परवलीचे शब्द सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. मेलचे, बँकेचे, कर भरण्याच्या खात्याचे. ते मी कुणाकडून काढून घेतलेले नव्हते. "तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही विसरतो," असे म्हणत सगळ्यांनी आपणहून दिलेले होते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ती वही मी लोकलमध्ये विसरलो. घरी आल्यावर पिशवी रिकामी दिसली तेव्हा पोटात जो खड्डा पडला, तो अजून आठवतो.

त्या रात्री मी अकरा घरी टेलिफोन केले. रागावले कुणीच नाही, आणि त्याचेच जास्त वाईट वाटले. पण खरा धक्का पुढेच होता. अकरांपैकी सात घरांत स्वतःचा परवलीचा शब्द बदलायचा कसा हेच कुणाला ठाऊक नव्हते. चार खात्यांत तर 'शब्द विसरल्यास या क्रमांकावर कळवा' या रकान्यात माझाच टेलिफोन क्रमांक होता. म्हणजे इतकी वर्षे मी ज्याला मदत म्हणत होतो, तिने माणसे शहाणी झाली नव्हती. माझ्यावर अवलंबून झाली होती. वही तिसऱ्या दिवशी हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत मिळाली, पाने जशीच्या तशी. मी ती घरी आणून फाडली.

त्यानंतर या विषयावर जर्मनीत सामान्य माणसासाठी जे जे लिहिले, सांगितले आणि पुरवले जाते, ते मी टीकाकाराच्या नजरेने वाचायला बसलो. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे परीक्षण आहे. परीक्षणाला कसोटी लागते. माझी कसोटी त्या रात्रीने ठरवून दिली. मदत संपल्यावर किल्ली कुणाच्या हातात राहते? मदतनिसाचे ज्ञान किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती गेला की काय होते, याचे जर्मनीतले जुने आणि गाजलेले उदाहरण १९८४ सालचे आहे. त्या काळी जर्मन टपालखात्याची 'बिल्डशिर्मटेक्स्ट' नावाची सेवा होती. टेलिफोनच्या तारेवरून पडद्यावर पाने वाचता येत आणि काही पानांना पैसे पडत. 'काओस कॉम्प्युटर क्लब' या १९८१ साली स्थापन झालेल्या मंडळीपैकी वाऊ हॉलंड आणि श्टेफेन वेर्नेरी यांनी हँबुर्गच्या एका बचत बँकेच्या नावाने आणि तिच्या परवलीच्या शब्दाने आत शिरून, आपल्याच क्लबचे सुमारे दहा मार्कांचे पान एका रात्रीत हजारो वेळा उघडवले. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर जवळजवळ १,३५,००० मार्कांचे बिल चढले. त्यांनी हे स्वतःच वृत्तपत्रांना सांगितले आणि पैसे घेतले नाहीत. शब्द त्यांच्या हाती कसा आला यावर पुढे बराच वाद झाला. आपल्यापुरता धडा मात्र वादापलीकडचा आहे. यंत्र माणसाला ओळखत नाही, शब्दाला ओळखते. ज्याच्या तोंडी तो शब्द, तोच बँक. या हिशेबाने माझी निळी वही खिशात असेपर्यंत मी एकटाच अकरा कुटुंबे होतो.

इथे आपल्या मराठी शब्दाचाही थोडा दोष आहे. 'परवलीचा शब्द' म्हटले की डोळ्यांपुढे गडाचा दरवाजा येतो. रात्रीची परवल साऱ्या पहारेकऱ्यांना ठाऊक असायची. ती वाटून घेण्यासाठीच होती. आपले आणि परके यांतला भेद तिने कळायचा. त्यामुळे आपल्या माणसाला हा शब्द न सांगणे म्हणजे त्याला परका ठरवणे, असा भाव आपल्या मनात नकळत राहतो. बायकोने नवऱ्याला, भावाने भावाला, मंडळातल्या काकूंनी काकांना शब्द सांगायचा, यातच आपलेपणा. वास्तविक ही वस्तू सहीच्या जातीची आहे. कितीही जवळचा माणूस असला तरी आपण त्याला आपली सही करायला शिकवत नाही.

आता जर्मन उपदेशाकडे वळू. यात अग्रमान सरकारी कार्यालयाचा. माहितीतंत्राच्या सुरक्षेसाठीचे संघीय कार्यालय, ज्याला सगळे 'बीएसआय' म्हणतात, ते बॉनमध्ये १९९१ साली सुरू झाले. सामान्य नागरिकांसाठी त्याची माहितीपत्रके आहेत, विनाशुल्क टेलिफोनही आहे. लेखन स्वच्छ, मुद्देसूद आणि कुठलीही वस्तू विकण्याच्या हेतूपासून मुक्त. परवलीच्या शब्दाबाबत ते दोन वाटा सुचवतात: एक तर आठ ते बारा अक्षरांचा, पण छोटी-मोठी अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांनी गुंतागुंतीचा केलेला शब्द, नाही तर निदान पंचवीस अक्षरांची लांब पण सोपी ओळ. आपल्याला दुसरी वाट सोयीची. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहावेत. लक्षात राहतात आणि दुसऱ्याला सुचणे अवघड. म्हण किंवा गाण्याची ओळ मात्र घेऊ नये, ती साऱ्यांनाच पाठ असते.

या कार्यालयाबद्दल माझा आदर वाढला तो मात्र दोन निराळ्या गोष्टींमुळे. जानेवारी २०१४ मध्ये चोरीला गेलेल्या सुमारे एक कोटी साठ लाख मेल-पत्त्यांची यादी उघडकीला आली. आपला पत्ता त्यात आहे का, हे नागरिकांना तपासता यावे म्हणून बीएसआयने एक पान उघडले. गर्दीने ते पहिल्याच दिवशी कोलमडले, पण त्याची रचना बघण्यासारखी होती. आपण फक्त आपला पत्ता द्यायचा; पडद्यावर चार आकडी खूण दिसायची. पत्ता यादीत असेल तर मेल यायची आणि तिच्या विषयाच्या ओळीत तीच खूण असायची, म्हणजे मेल खरी की बनावट हे आपल्याला कळावे. परवलीचा शब्द कुणी विचारलाच नाही. उलट मदत करणाऱ्यानेच आपली ओळख पटवून दिली. पॉट्सडॅमच्या हासो प्लाटनर इन्स्टिट्यूटची अशीच तपासणी आहे. तिचा निकालही पडद्यावर न दिसता ज्याचा पत्ता त्याच्याच मेलमध्ये जातो, म्हणजे शेजाऱ्याने आपल्याबद्दल चौकशी करायची सोय नाही. माझ्या कसोटीला या दोन्ही पूर्ण उतरतात.

दुसरी गोष्ट चुकीच्या कबुलीची. दर तीन महिन्यांनी शब्द बदला, हा उपदेश कचेऱ्यांतून आपण सर्वांनी ऐकला आहे. त्या घराण्यातल्या नियमांचा प्रसार अमेरिकेच्या मानक संस्थेतील बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेने झाला. लोकांनी काय केले? शेवटचा १ पुसून २ केला. २०१७ साली अमेरिकी संस्थेने तो नियम सोडला आणि बर यांनी आपण लिहिलेल्यापैकी बऱ्याच गोष्टींचा खेद वाटतो असे जाहीरपणे सांगितले. बीएसआयनेही २०२० साली, कारण नसताना ठरावीक काळाने शब्द बदलण्याची शिफारस आपल्या नियमावलीतून काढून टाकली. "आम्ही सांगितले ते बरोबर नव्हते," असे म्हणणारा सल्लागार मला कधीच न चुकणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. आजही कुणी मदतनीस दर महिन्याला शब्द बदलायला लावत असेल, तर त्याचे ज्ञान शिळे आहे असे खुशाल समजावे.

मग उणे काय? उणे हे, की हा सगळा उपदेश एकट्याने बसून जर्मन वाचणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. काय करावे ते तो सांगतो. कुणाजवळ बसून करावे ते फारसे सांगत नाही. शिवाय ज्याचे अर्धे आयुष्य दुसऱ्या देशात आहे, तो माणूस त्याच्या डोळ्यांपुढे नसतो. एक साधे उदाहरण देतो. जर्मन कळफलकावर वाय आणि झेड या अक्षरांच्या जागांची अदलाबदल असते आणि मेलच्या पत्त्यातले ते वेटोळे चिन्ह क्यू या कळीवर जाऊन बसलेले असते. पडद्यावर नुसते ठिपके उमटतात, तेव्हा 'विजय'चा शेवट झेडने झाला हे दिसणार कसे? तीनदा चुकले की खाते बंद. माझ्याकडे आलेल्या नवागतांपैकी कितीतरी जणांचे दुखणे एवढेच निघाले. जर्मन माणसाला हे सांगायची गरजच नसते.

याच्याजवळच सरकारी सेवांचा विचार करू. कराच्या 'एल्स्टर' खात्याची नोंदणी करताना सांकेतिक आकड्यांचा एक भाग मेलने येतो आणि दुसरा घरी टपालाने. आपल्या मंडळींना ही पद्धत हास्यास्पद वाटते, मलाही वाटायची. आता वाटत नाही. दारावरच्या पाटीवर ज्याचे नाव, त्याच्या हातात किल्ली द्यायची, असा त्यातला विचार आहे. तुलनेने परदेशी नागरिकांच्या रहिवासी कार्डाची कथा कमी समाधानाची. २०११पासून या कार्डावर ऑनलाइन ओळख पटवण्याची सोय आहे, पण कार्डाबरोबरचे पाच आकडे बदलून आपले सहा आकडे घातलेच पाहिजेत हे नवख्याला समजत नाही, आणि ते पत्र बरेच जण हरवून बसतात. विसरलेले आकडे टपालाने विनामूल्य नव्याने मागवण्याची एक चांगली सेवा होती. सरकारने ती २०२३च्या अखेरीस खर्चाचे कारण देऊन थांबवली. माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणारी मदत महाग पडते म्हणून बंद करायची आणि त्याला कचेरीच्या रांगेत उभे करायचे, यात काटकसर कुठली हे मला उमगले नाही.

पैसे कुणाकडून येतात, हेही मदत पारखताना बघावे. 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' ही संस्था बुंडेस्टागच्या ठरावाने १९६४ साली बर्लिनमध्ये स्थापन झाली. तिच्या मासिकात जाहिराती नसतात. परवलीचे शब्द साठवणाऱ्या प्रणालींची परीक्षा तिने केली तर ती वाचावी. विक्रेत्याच्या स्तुतीला तेवढे वजन देऊ नये. फसवणूक होऊन गेल्यावर सल्ला हवा असेल तर सोळाही राज्यांत ग्राहक सल्ला केंद्रे, म्हणजे 'फेरब्राउखरत्सेंट्राल', आहेत. बँकेचे कार्ड रोखायला ११६ ११६ हा क्रमांक २००५पासून चालू आहे. घरच्या टेलिफोनशेजारी तो लिहून ठेवावा.

माणूस शेजारी बसून शिकवतो अशी मदतही या देशात आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात २०१८पासून स्वयंसेवक 'डिजिटल दूत' ज्येष्ठांना शिकवतात. अनेक गावांतल्या दुरुस्ती-कॅफेंत कुणीतरी निवृत्त इंजिनियर लॅपटॉप उघडून बसलेला असतो. लोकविद्यालयांचे, म्हणजे 'फोल्क्सहोखशूल'चे, वर्ग असतात. माझी तक्रार इतकीच की अशा योजनांच्या कल्पनेत अडलेला माणूस बहुधा सत्तर वर्षांचा आणि जर्मन बोलणारा असतो. पस्तीस वर्षांची, इंग्रजी उत्तम जाणणारी, पण जर्मन बँकेच्या पत्रापुढे हतबल झालेली मराठी गृहिणी त्या चित्रात सहसा नसते. म्हणून ती आपल्या मंडळात येते, आणि माझ्यासारख्याच्या वहीत शिरते.

किंवा याहून वाईट ठिकाणी जाते. पडद्यावर एकाएकी लाल सूचना झळकते, खाली एक क्रमांक असतो; फोन लावला की पलीकडून ओळखीच्या हेलाचे इंग्रजी ऐकू येते. जर्मन माणूस त्या हेलाने सावध होतो आणि आपण निश्चिंत होतो, ही आपली खास अडचण. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या नावाने ७६ ठिकाणी धाडी घातल्या. त्यांतली काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांनी केलेल्या तक्रारींवरून होती. या कंपन्यांचे मदतनीस असल्याचे भासवून परदेशातल्या लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरे भारतात चालत होती. खरा मदतनीस आपणहून फोन करत नाही, घाई करत नाही आणि आपल्या संगणकाचा ताबा मागत नाही.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या घरातही बघायला हवे. आपल्यापैकी कितीजणांच्या भारतातल्या बँकेचा क्रमांक पुण्याला आईबाबांच्या कपाटातल्या फोनमध्ये आहे? इथून आपण व्यवहार करतो, तिथे आकडे येतात, आणि आपण फोन करून म्हणतो, "आई, आत्ता आलेले सहा आकडे वाच बरं." ती बिचारी चष्मा शोधून वाचते. फोनवरच्या आवाजाने मागितले की आकडे वाचून दाखवायचे, हा धडा तिला कुठल्या भामट्याने नाही, आपणच गिरवायला लावलेला आहे. शिवाय रिचार्ज न केल्याने तो क्रमांक बंद पडला तर कंपनी पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकते. तो क्रमांक शक्य तर इथे आपल्या फोनमध्ये चालू ठेवावा, नाही तर बँकेकडे इथल्या क्रमांकाची सोय आहे का ते विचारावे. आईला मात्र आजच सांगावे, की आकडे कुणालाही, मी मागितले तरीही, वाचायचे नाहीत.

माझ्या या मतावर एका जुन्या स्नेह्यांनी आक्षेप घेतला, आणि तो हलका नाही. "सगळे मान्य," ते म्हणाले, "पण उद्या मी अंथरुणाला खिळलो, किंवा गेलोच, तर हिला आत कोण नेणार? तुमची वहीच कामाला आली असती." यावर जर्मनीतलाच एक निवाडा सांगण्याजोगा आहे. २०१२ साली बर्लिनमध्ये एक पंधरा वर्षांची मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून गेली. तिचा परवलीचा शब्द आईला ठाऊक होता. तरी फेसबुकने खाते स्मृतिस्थितीत ठेवल्यामुळे आत जाता येईना. पत्रे आणि रोजनिशी जशी वारसांकडे जातात तसेच हे खातेही जाते, असा निर्णय सर्वोच्च संघीय न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी दिला. म्हणजे सहा वर्षांनी. शब्द माहीत असणे पुरेसे नव्हते आणि हक्क असूनही वाट बघावी लागली. तेव्हा त्या दिवसाची तजवीज काकांच्या वहीने होत नाही. गूगल आणि अॅपल यांच्या खात्यांत आपल्यामागे कुणाला प्रवेश द्यावा हे आधी नेमून ठेवता येते, तसे नेमावे. इथे रीतसर मुखत्यारपत्र करतात, ज्याला 'फोरझोर्गेफोलमाख्ट' म्हणतात. त्यात या खात्यांचा उल्लेख करावा. आणि मुख्य शब्द बंद पाकिटात, घरातल्या कागदपत्रांत, जोडीदाराला ठाऊक असलेल्या जागी ठेवावा. मंडळातल्या मदतनिसाला त्या पाकिटाचा पत्तादेखील कळायचे कारण नाही.

परीक्षणाचा निष्कर्ष सांगायचा तर असा. जर्मन उपदेशात नियम उत्तम आहेत, पण माणूस कमी आहे. आपल्या मंडळात माणूस आहे, पण त्याला नियम नाही. दोन्ही एकत्र आणणे अवघड नाही. मी स्वतःपुरते नियम केले आहेत. संगणक ज्याचा, हात त्याचेच. मी कळफलकाला शिवत नाही. शब्द टाकायची वेळ आली की मी भिंतीकडे तोंड करतो. रकान्यात माझा क्रमांक घालू देत नाही. काम झाल्यावर तेच त्यांना माझ्यावाचून पुन्हा एकदा करायला लावतो. आणि मला न येणारे असेल तर तसे सांगून मोकळा होतो.

यात वेळ फार जातो हे खरे. गेल्या संक्रांतीला एका भगिनींना मेलचा शब्द बदलायचा होता. मी केले असते तर दोन मिनिटांचे काम. त्यांना पाऊण तास लागला, मधे दोनदा त्या माझ्यावर वैतागल्याही. नाटकाचा दुसरा अंक आमचा दोघांचाही बुडाला. त्यानंतर त्यांचा या कामासाठी मला एकही फोन आलेला नाही. पूर्वी याचे मला थोडे वाईट वाटले असते.